रिचर्ड राइटचं नाव गाळलंत कसं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत पिंक फ्लॉइडच्या भांडणावर पानभर लेख आला. इतक्या जुन्या रॉक बँडला नाशिकच्या आवृत्तीत पान मिळालं याचा आनंद आहे आणि त्याबद्दल आपले आभार. पण त्या पानात भरलंय काय? बास वाजवणारा रॉजर वॉटर्स मुलाखतीत काय बोलला, गिटारवाल्या डेव्हिड गिल्मोरच्या बायकोने २०२३ मध्ये ट्विटरवर काय लिहिलं, त्यावर वॉटर्सची बाजू काय, आणि शेवटी निकाल असा की हा दोन म्हाताऱ्यांचा अहंकार आहे. फोटोत माणसं चार, खाली नावं तीन. शेवटची ओळ तर कहर आहे: 'हे चौघे पुन्हा एका मंचावर येतील का?' नाही येणार. चौथा रिचर्ड राइट, तो सप्टेंबर २००८ मध्ये वारला. हे चौघे शेवटचे एकत्र वाजले ते २ जुलै २००५ ला, लंडनच्या हाइड पार्कमध्ये, लाइव्ह एटच्या कार्यक्रमात. या भांडणात ज्याने सगळ्यात जास्त गमावलं त्याचं नाव आपल्या पानावर एकदाही नाही, याचा संताप आला म्हणून हे पत्र.

राइट कीबोर्ड वाजवायचा. 'एकोज' सुरू होताना जो एकच टिपेचा स्वर ऐकू येतो तो त्याच्या पियानोचा. तो स्वर लेस्ली स्पीकरमधून काढलेला आहे. हॅमंड ऑर्गनला जोडतात तो हा स्पीकर. आतला भोंगा मोटरवर गोल फिरतो आणि स्वर लहरत बाहेर येतो. तेवीस मिनिटांचं ते गाणं त्या एका स्वरातून उगवलं आणि १९७१ च्या रेकॉर्डवर चौघांच्या नावावर लागलं. 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधल्या 'अस अँड देम'ची चाल राइटचीच, ती आधी एका सिनेमासाठी केलेली आणि दिग्दर्शकाने नाकारलेली. 'द ग्रेट गिग इन द स्काय'ची स्वररचनाही त्याचीच. अशा माणसाला वगळून पिंक फ्लॉइडचं भांडण सांगता येत नाही.

आता अहंकाराबद्दल. अहंकार कुठल्या बँडमध्ये नसतो? या बँडमध्ये तो कशावरून पेटला ते लेखकाने सांगायला हवं होतं. गाण्याचा पैसा दोन वाटांनी येतो. रेकॉर्ड खपली की वाजवणाऱ्यांची रॉयल्टी येते, ती बँडमध्ये वाटली जाते. दुसरी रॉयल्टी गाणं ज्याच्या नावावर लागलं त्याची, म्हणजे कवीची आणि संगीतकाराची. गाणं रेडिओवर लागो, दुसरा कोणी गावो, ही दुसरी येतच राहते. आणि रेकॉर्डच्या विक्रीतून येणारा तिचा हिस्सा गाण्यांच्या संख्येवर मोजला, तर मिनिटांना किंमत उरत नाही.

१९७७ च्या 'ॲनिमल्स'वर नेमकं हेच झालं. 'डॉग्ज' सतरा मिनिटांचं, पहिली बाजू जवळजवळ त्यानेच भरलेली, गिल्मोर आणि वॉटर्स दोघांच्या नावावर. मोजणीत एक गाणं. 'पिग्ज ऑन द विंग' जेमतेम तीन मिनिटांचं, पण त्याचे दोन तुकडे करून एक रेकॉर्डच्या सुरुवातीला आणि एक शेवटी टाकला. दोन्ही वॉटर्सच्या नावावर; मोजणीत दोन गाणी. पाचांपैकी चार नोंदी एकट्या वॉटर्सच्या झाल्या. राइटच्या नावावर एकही नाही, आणि असं पहिल्यांदाच घडलं. त्याच रेकॉर्डवर 'शीप'ची सुरुवात ऐका. इलेक्ट्रिक पियानो एकटाच वाजत राहतो, मग हळूहळू बाकीचे येतात. तो तुकडा राइटचा आहे आणि गाणं एकट्या वॉटर्सच्या नावावर आहे. लेखकाने ही एक गोष्ट कान देऊन ऐकली असती तरी 'अहंकार' या शब्दावर लेख संपवला नसता.

पुढे १९७९ मध्ये 'द वॉल'च्या वेळी अल्बम नाताळच्या आधी बाजारात आणायची घाई होती. राइटला सुट्टी अर्धवट टाकून लवकर ये म्हणून निरोप गेला, तो आला नाही, आणि वॉटर्सने अट घातली की एक तर हा बाहेर, नाहीतर अल्बम अडवतो. त्या वर्षी राइटचं काम कमी पडत होतं हे खरं आहे, त्याच्या घरी लग्न मोडत होतं हेही खरं आहे. पण स्थापनेपासूनच्या भिडूला असं काढायचं? पहिल्या आवृत्तीच्या कव्हरवर त्याचं आणि ड्रमर मेसनचं, दोघांचंही नाव छापलं नव्हतं. नंतर १९८०-८१ मध्ये मंचावर पुठ्ठ्याच्या विटांची भिंत बांधून जे कार्यक्रम झाले, त्यांत राइट पगारावर वाजवायला आला. कार्यक्रमांचा खर्च इतका की नुकसान झालं. ते मालक असलेल्या तिघांनी सोसलं, पगारी राइट तेवढा कमावून गेला. हा किस्सा हसून सांगितला जातो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. स्वतःच्या बँडमध्ये पगारी होण्याइतकी मानहानी दुसरी नाही.

बँडच्या नावाच्या भांडणाबद्दल लेखात दोन ओळी आहेत आणि त्यातली एक चुकीची. वॉटर्सला कोणी काढलं नाही. डिसेंबर १९८५ मध्ये त्याने स्वतः रेकॉर्ड कंपन्यांना पत्र लिहून आपण बाहेर पडत असल्याचं कळवलं. आपण गेलो म्हणजे बँड संपला असं त्याने धरलं होतं. बाकीचे थांबेनात तेव्हा ऑक्टोबर १९८६ मध्ये तो लंडनच्या हायकोर्टात गेला, आणि तिथे वकिलांच्या लक्षात आलं की या मंडळींची भागीदारी कधी रीतसर कागदावर पक्की झालीच नव्हती. लाखो रेकॉर्ड विकल्या, आणि बँड कोणाचा याचा कागद नाही! मेन रोडवर भावाभावांत दुकानाची वाटणी होते तेव्हा माल आणि गल्ला दोन दिवसांत मोजून होतो, पाटी कोणाकडे यावर मात्र वर्षं जातात, तसंच हे. १९८७ च्या नाताळच्या तोंडावर गिल्मोरच्या थेम्स नदीवरच्या हाउसबोटीत तडजोड झाली. नाव गिल्मोर आणि मेसनकडे राहिलं. वॉटर्सला 'द वॉल'चे हक्क आणि बँडच्या कार्यक्रमांत हवेत उडवायचा तो डुकराचा फुगा मिळाला. खटला करायला नको होता, हे वॉटर्सने २०१३ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत मान्य केलं. हे सगळं सार्वजनिक आहे, शोधायला अर्धा तास पुरतो.

त्याच १९८७ मध्ये राइट परत आला, पण भागीदार म्हणून नाही. जाताना केलेला करार आड येत होता. त्याचं नाव नव्या अल्बमवर भाड्याने बोलावलेल्या वादकांच्या यादीत बारीक अक्षरात छापलं. १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'वर पाच गाण्यांना त्याचं नाव लागलं, त्यातल्या 'मरून्ड'ला ग्रॅमी मिळालं. म्हणजे ज्याला काम जमत नाही म्हणून काढलं होतं तोच.

कीबोर्डवाल्याचं आणि साथीच्या गायिकेचं नाव गाळणं ही जुनी खोड आहे. 'ग्रेट गिग'वर शब्दाविना गाणाऱ्या क्लेअर टोरीला १९७३ मध्ये तीस पौंड देऊन मोकळं केलं. ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून गाणं राइट आणि टोरी अशा दोन नावांवर आहे. प्रोकॉल हॅरम या बँडच्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'मधला ऑर्गन वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशरने १९६७ च्या गाण्यासाठी २००५ मध्ये दावा लावला. २००६ मध्ये कोर्टाने चालीत ४० टक्के हिस्सा दिला, अपिलात उशिराचं कारण देऊन पैसा नाकारला, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो परत दिला.

नाशिकला याचं काय, असं आपल्याला वाटत असेल तर सांगतो. इथे कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत पोरं बँड काढतात, ऑर्केस्ट्रे आहेत, ढोल पथकं आहेत, आणि कोणाकडेच कागद नसतो. आपल्याकडे भागीदारी कायदा १९३२ चा. कलम १३ प्रमाणे करारात वेगळं काही ठरलं नसेल तर नफा सगळ्यांत सारखा. इंग्लंडच्या १८९० च्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. त्याच्याच जोरावर द स्मिथ्स या बँडचा ड्रमर माइक जॉइस याने १९९६ मध्ये दहाऐवजी पंचवीस टक्के मिळवले. आपल्या कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे भागीदारी मोडल्यावर हिशोब पुरा होईपर्यंत एक जण दुसऱ्याला ते नाव वापरण्यापासून अडवू शकतो, अर्थात करारात वेगळं लिहिलं नसेल तर. नाव जपायचं असेल तर ट्रेडमार्कचा वर्ग ४१ (मनोरंजनाच्या सेवांचा), मुदत दहा वर्षं. अर्ज एकट्या गायकाच्या नावाने टाकला की पुढचं भांडण त्याच दिवशी सुरू झालं असं समजा.

चालीचं म्हणाल तर घोळ बहुतेक इथे होतो: सुरुवातीचा तुकडा कीबोर्डवाल्याने तालमीत बसवलेला असतो, आणि गाणं ऑनलाइन चढवताना संगीतकाराच्या रकान्यात गायक स्वतःचं एकट्याचं नाव टाकतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगीतकार ठरायला नोटेशन लिहिलेलं असावं लागत नाही, पण चाल आपली हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून मिक्सिंगला जाण्याआधी टक्के ठरवून, बेरीज शंभर करून, सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि तालमीची तारखेसह रेकॉर्डिंगं जपावीत. पीए (मंचावरची ध्वनियंत्रणा) आणि ॲम्प्लिफायर कोणाच्या पैशाचे, सोडून जाणाऱ्याला काय मिळणार, जुनी गाणी तो मंचावर वाजवू शकतो का, हेही त्याच कागदावर यावं. आपल्या पानावर एक चौकट याची असती तर शहरातल्या पन्नास पोरांनी ती कापून ठेवली असती.

निघालंच आहे म्हणून आणखी एक. आपल्या शहर पानावर पाडवा पहाटेचं किंवा कालिदास कलामंदिरातल्या मैफलीचं वृत्त येतं, तेव्हा गायकाचं नाव, निवेदकाचं नाव, दीपप्रज्वलन करणाऱ्या पाच पाहुण्यांची नावं हुद्द्यासकट असतात आणि वादकांसाठी 'वाद्यवृंदाने समर्पक साथ केली' एवढंच. तबला, हार्मोनियम, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बासरी कोण वाजवत होतं? आयोजकांच्या पत्रिकेत ही नावं छापलेली असतात. पाहुण्यांतलं एक नाव कमी करा, जागा होते.

येत्या रविवारी फोटोखालच्या चौथ्या नावाची आणि वॉटर्सला काढल्याच्या वाक्याची दुरुस्ती छापावी. ती पान दोनच्या तळाला जाहिरातीखाली नको, त्याच पुरवणीत, त्याच पानावर हवी. आणि हे पत्र जागेअभावी कापावंच लागलं तर वॉटर्सबद्दलचा मजकूर कापा, राइटबद्दलचा राहू द्या.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक