आपा, तुमचे आभार राहूनच गेले होते

आपा, सलाम.

तुम्ही रिटायर झाल्या त्या दिवशी हार, बुके, फोटो सगळं झालं पण नीट बोलणं काही झालंच नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलो.

वाळूजमध्ये बसून जर्मनी, कोरिया आणि ब्राझीलची टीम सांभाळायचं काम माझ्याकडं आलं तेव्हा ट्रेनिंगमध्ये एक तक्ता मिळाला होता, जर्मन माणूस असा, कोरियन तसा वगैरे. तुम्ही तो बघून म्हणाल्या, "उदगीरचा माणूस कसा असतो ते एका ओळीत लिहून दाखव बरं." काय लिहिणार? आमच्या उदगीरला बाजारात मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू सगळं चालतं आणि दोन सख्खे भाऊ पण एकासारखे नसतेत.

नंतर कळलं की वेगळ्या संस्कृतीच्या माणसांशी जुळवून घ्यायच्या या हुशारीला कल्चरल इंटेलिजन्स म्हणतात, अर्ली आणि सून आंग या अभ्यासकांनी २००३ मध्ये ते पुस्तकातून मांडलं. आता त्याचे चार भाग सांगतेत: समोरच्याला समजून घ्यायची इच्छा, माहिती, आपला अंदाज बरोबर निघाला का ते तपासत राहणं, आणि त्याप्रमाणं वागणं बदलणं. तक्त्यात येते ती फक्त माहिती. बाकीचं तुमच्याकडं बघून शिकलो.

ड्रॉइंगवरून जर्मनीच्या इंजिनिअरनं सगळ्यांसमोर "हे चुकलंय" म्हणलं आणि आपली पोरं दोन दिवस तोंड पाडून बसली, तेव्हा तुम्ही पोरांनाही समजावलं नाही अन् त्यालाही नाही, सरळ त्याला फोन लावून विचारलं की पार्ट चालेल का. तो म्हणाला मस्त आहे, एकच माप बदला. पोरांना स्पीकरवर ऐकवलं, विषय संपला. कोरियाचे लोक मीटिंगमध्ये गप्प राहायचे तर तुम्ही प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवायला लावले आणि मीटिंगनंतर एकेकाला वेगळं विचारलं, खरी अडचण तिथंच निघायची. आणि आपली पोरं नुसतं हो म्हणून मोकळी होऊ नयेत म्हणून त्यांना "होईल का" असं कधीच नाही, "कुठं अडकेल" असंच विचारायच्या. मला तर हे सगळ्यात भारी वाटतं, कारण आपण परदेशी लोकांचा स्वभाव शोधत बसतो आणि शेजारच्या टेबलाचा राहून जातो.

तुमची ती भिंतीवरची मोठी वही अजून आहे. रमजान, पोळा, महालक्ष्म्या, कोरियाचा छुसॉक, ब्राझीलचा कार्निव्हल, सगळं एकाच पानावर. दुपारी साडेबाराची मीटिंग उन्हाळ्यात जर्मनीला सकाळी ९ ला पडते आणि ऑक्टोबर संपता संपता त्यांचं घड्याळ मागं गेलं की ८ ला, सोलला मात्र कायम ४. ब्राझीलवाल्यांची तेव्हा पहाट असते, म्हणून त्यांचा कॉल वेगळा आणि त्यासाठी रात्री कोण थांबणार ते आळीपाळीनं, त्यात तुमचं पण नाव असायचं. मॅनेजर लोक सहसा स्वतःला सोडून पाळ्या लावतेत, मी बघितलंय.

आता पोलंडची टीम जोडायलेत. पहिल्या कॉलच्या आधी तुम्हाला फोन करणार आहे, दुपारची झोप झाल्यावर करतो, उचला तेवढा.

तुमचा,
उदगीरवाला