चिमीच्या लसीबद्दल

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर चिमीला लस दे म्हटलं, तर तू म्हणालास, "तू सरकारी नर्स होतीस आई, तू असंच बोलणार." मला पुढं बोलवेना. पण गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यापासून देतात आणि चिमीची तू लांबवत चालला आहेस, म्हणून लिहायला बसले.

२०२१ ची कोरोनाची दुसरी लाट आठव. फाइव्ह-जीच्या टॉवरमुळं माणसं मरतात म्हणून बोभाटा झाला होता. दूरसंचार खात्यानं सांगितलं, देशात अजून चाचण्यासुद्धा सुरू नाहीत. त्यावर लोक म्हणाले, चोरून चालल्या असणार. तुझ्या ग्रुपवर तेच चाललंय. लसीत चिप सापडली नाही तर ती लपवली, डॉक्टर नाही म्हणाला तर तो विकला गेला, आई नाही म्हणाली तर ती सरकारी. मग हे खोटं ठरायचं तरी कशानं रे? कुणालाच खोडता येत नाही, म्हणून तुम्हाला ते जास्तच पक्कं वाटत जातं.

टस्कीगीचं तू सांगितलंस ते खरं आहे. अमेरिकेत १९३२ ते १९७२ शेकडो कृष्णवर्णीयांचा उपदंश (सिफिलिस) मुद्दाम उपचाराविना ठेवला. नर्स म्हणून मला त्याची लाज वाटते. पण ते बाहेर आलं ते तिथल्याच आरोग्यसेवेत काम केलेल्या माणसानं पत्रकाराला माहिती दिली म्हणून. ती कुणालाही पडताळता येत होती.

तुझी नोकरी गेली तेव्हा रात्री दोनला तुझ्याशी बोलायला ग्रुपवरची माणसं होती. आम्ही झोपलेलो असायचो. आता मत बदललंस तर तीही तुटतील, हे मला कळतं बाळा.

सकाळी मी व्हॅक्सिन डेपोत फिरायला जाते. देवीची लस तिथं तयार व्हायची. माझ्या दंडावरचा देवी काढल्याचा वण तू लहानपणी बोटानं चाचपायचास. तुझ्या पणजीचा सगळा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा एकही रोगी झाला नाही.

काय दिसलं तर तुझं मत बदलेल, ते एका कागदावर लिही. मी माझं लिहिते: लस घेतलेल्या मुलांत न घेतलेल्यांपेक्षा गोवर जास्त होतो असं दिसलं, तर माझं चुकलं म्हणेन. तुझा कागद घेऊन रविवारी ये. चिमीला आण. खायला कुंदा आणून ठेवते.

तुझी,
आई