तारलीच्या कारखान्यातलं मत्स्यालय

सॅन होजे, रविवार रात्र

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

काल इथल्या, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या माँटेरे गावचं मत्स्यालय बघून आले. फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून पत्र.

मत्स्यालय 1984 सालचं, पण ते ज्या जागी उभं आहे तिथे आधी तारलीचे डबे भरण्याचा कारखाना होता. जुने बॉयलर आत अजून आहेत. असे कारखाने किनाऱ्याने ओळीने होते. होड्या आल्या की प्रत्येकाचा भोंगा वेगळा वाजे, आणि आपला भोंगा ओळखून बायका रात्री-अपरात्री कामाला निघत. मला किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारी आपली वाडीच दिसली!

इथली तारली आपल्या तारलीची चुलत बहीण. ती पर्ससीनने, अख्खा थवा घेरणाऱ्या त्या मोठ्या जाळ्याने, उपसली. बरीचशी डब्यात गेलीच नाही, सुकवून, दळून, कुट्टी होऊन खतात आणि कोंबड्यांच्या खाद्यात गेली. त्यात समुद्र गार पडला, आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस तारली नाहीशी झाली. कारखाने एकेक करत मिटले. 2016 ला आपल्याकडे पर्ससीनवर निर्बंध आले, त्याच्या कितीतरी आधीपासून तुम्ही घसा फोडून जे सांगत होता, ते इथे घडून गेलंय.

आत 28 फूट उंच काचेमागे केल्प नावाच्या समुद्री शेवाळाचं जंगल आहे. वर छप्पर नाही, ऊन थेट पाण्यात उतरतं. एक यंत्र पाणी सतत हलवतं, कारण लाट नसेल तर केल्प जगत नाही. पाणी समोरच्या खाडीतलंच. दिवसा ते गाळून घेतात, म्हणजे लोकांना नीट दिसावं. रात्री न गाळता सोडतात, त्यातून इवलेसे जीव येऊन काचेच्या आत वस्ती करतात. मी तिथे तासभर बसले.

समुद्री पाणमांजरांची पोरकी पिल्लंही इथे वाढवतात. सांभाळणारे तोंडावर काळा मुखवटा आणि अंगात काळा झगा घालतात, पिल्लाला माणसाचा लळा लागू नये म्हणून. पुढे मत्स्यालयातली एखादी मादी त्याला पोटाशी घेते, शिंपला फोडायला शिकवते, मग त्याला समुद्रात सोडतात. एवढा जीव लावायचा आणि तोंड लपवायचं. मला भरून आलं.

आबा, एक काम आहे. तुमच्या तरुणपणी रापणीत कोणकोणता मासा यायचा, कुठल्या महिन्यात, किती टोपल्या, आणि कुठला कधीपासून यायचा थांबला, ते आठवून ठेवा. पुढच्या रविवारी फोन करते. मी वही घेऊन बसेन.

आजीला नमस्कार.

तुमची,
मनू