'केसरी'चे पहिले संपादक

महोदय,

४ जानेवारी या 'केसरी'च्या स्थापना दिनानिमित्त आमच्या भागातल्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली. दोन परीक्षकांपैकी मी एक. १४ मुले बोलली. १३ जणांनी टिळकांचा 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा १८९७ चा अग्रलेख आणि त्यांचा मंडालेचा तुरुंगवास सांगितला. आठवीतली एक मुलगी मात्र म्हणाली, १८८१ साली 'केसरी' निघाला तेव्हा संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. टिळकांकडे इंग्रजी 'मराठा' होता. सहपरीक्षकांनी तिचे गुण कापले आणि शेरा लिहिला, 'विषयांतर'. मी बरीच हुज्जत घातली, पण उपयोग झाला नाही.

कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यात, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले ते टिळक आणि आगरकर या दोघांनी मिळून. पुढे त्यांचे बिनसले ते मुख्यतः सामाजिक सुधारणांवरून. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि वर्षभरात 'सुधारक' काढला. १८९१ मध्ये मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचे किमान वय, दहावरून बारावर नेणारे विधेयक आले. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे म्हणत 'केसरी'ने कडाडून विरोध केला. आगरकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या सुधारणावादी मतांपायी याच पुण्यात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. मी हुजूरपागा या मुलींच्या शाळेत शिकले. तिथल्या मुलींच्या इंग्रजी अभ्यासक्रमावरही 'मराठा'तून टीका झाली होती.

मला 'केसरी'बद्दल आकस नाही. माझ्या आजीचे लग्न नवव्या वर्षी झाले. तिची अक्षरओळख झाली ती सासऱ्यांकडे येणाऱ्या 'केसरी'वरच, भिंग घेऊन ती तो शेवटपर्यंत वाचायची. १९०८ च्या ज्या अग्रलेखांपायी टिळकांनी सहा वर्षे मंडाले सोसले, ते वाचताना आजही माझा गळा दाटतो. पण इंग्रजांपुढे न वाकलेले हे वर्तमानपत्र दहा वर्षांच्या मुलीच्या प्रश्नावर सनातन्यांच्या बाजूला होते, हेही मुलांना कळायला हवे. आठवीतल्या मुलांना दोन्ही गोष्टी पेलतात. चाळीस वर्षे शिकवल्यावर एवढे मी खात्रीने सांगू शकते.

पुढच्या ४ जानेवारीला आपल्या अंकात आगरकरांचे नाव आणि १८९१ सालचा वाद यावा, ही विनंती. आणि त्या शाळेने निकाल हवा तर तसाच ठेवावा, पण मुलीच्या कागदावरचा तो शेरा खोडावा.

— एक निवृत्त शिक्षिका, शनिवार पेठ, पुणे