नीलू, पालखीचं काय करायचं ते तू सांग

प्रिय नीलू,

फोनवर हे सांगता येणार नाही म्हणून लिहितेय. फोनवर तू मधेच बोलतेस, मग आपण भांडतो आणि मूळ गोष्ट राहून जाते. इथे पाऊस धो धो, संध्याकाळपासून लाईट नाही, मोबाईलवर टाईप करतेय तेव्हा चुका काढू नकोस. मी बरी आहे, आईची शुगर आटोक्यात, दादाचा गुडघा तसाच. झालं.

आता ऐक. आपण बसवलेला 'पालखी' नाच मागायला आलेत.

गणपतीपुळ्याच्या रस्त्याला एक नवं रिसॉर्ट झालंय, नाव लिहीत नाही, तुला कळेलच. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत दर शनिवारी त्यांना 'कोकण नाईट' करायचीय. नाईटचे बारा हजार, शिवाय जेवण आणि गाडी त्यांची. त्यांच्या मॅनेजरने कुणाच्या तरी फोनवर आपला व्हिडिओ बघितला, थेट आपल्या सरावाच्या हॉलवर आला, माणूस बोलायला चांगला आहे, पोरांशी नीट बोलला. त्याला आपला 'पालखी'च पाहिजे, दुसरं काही नको. फक्त चाळीस मिनिटांचे सात मिनिटं करायचे, पोरींना नऊवारी, पोरांना फेटे, ढोल-ताशा मोठ्याने, आणि पालखी खरी पाहिजे. लाकडाची, आत फायबरचा मुखवटा, आणि शेवटी पाहुण्यांनी ती खांद्यावर घेऊन फोटो काढायचे.

मी त्याला म्हटलं आमच्या नाचात पालखी नाहीये, माणूस आहे. तो म्हणाला हो मॅडम, ते बघितलं, पण गेस्टना कळायला पाहिजे ना.

हे मी इथे कुणाला सांगू सांग. तुला आठवतंय ना, शिमग्याला तुमच्या वाडीत पालखी नाचवताना आपण दोघी कौलावर चढून बघत होतो आणि तू म्हणालीस की हे लोक एकमेकांकडे बघत पण नाहीयेत, तरी एकाचा खांदा खाली गेला की दुसऱ्याचा वर जातो, हे सगळं वजनावर चाललंय. तेव्हा आपल्याला कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शावर आणि वजनावर आयत्या वेळी सुचेल तसं नाचणं, हे माहीत पण नव्हतं. स्टीव्ह पॅक्स्टनने ते १९७२ला अमेरिकेत सुरू केलं, आणि आपल्या गावकऱ्यांना कधीपासून येतं देव जाणे. त्यातूनच तर आपला 'पालखी' निघाला, देव नाही, दांडा नाही, फक्त एक शरीर पाच जणांच्या अंगावरून जमिनीला न टेकता फिरत राहतं. देव स्टेजवर आणायचा नाही हे तूच ठरवलंस, मी भांडले होते तेव्हा, मला निदान गुलाल पाहिजे होता. तू बरोबर होतीस असं अजूनही म्हणणार नाही, गुलालाने लाईटमध्ये काय मजा आली असती! पण देवाचं तुझं पटलेलं.

मी त्याला त्याच दिवशी नाही म्हणून मोकळी झाले असते. पण पैशाची गोष्ट तुला नीट सांगितलीच नाहीये मी, ती ऐक.

सीएसआर, म्हणजे कंपनीच्या नफ्यातून समाजकामासाठी मिळणारा पैसा, बंद झाला. तीन वर्षं मिळत होता, पुढे नाही. त्यांच्या ऑफिसात नवी बाई आलीय, तिने कंपनी कायदा समोर ठेवला. कलम १३५, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे, आणि कशावर करायचे त्याची यादी परिशिष्ट ७मध्ये. त्यात वारसा, कला, संस्कृती यांचं जतन आहे, पारंपरिक कला आणि हस्तकला आहेत. ती म्हणाली तुमचं पारंपरिक कशात बसतं ते लिहून द्या. मी चार पानं लिहून दिली, आपल्या कोकणातली जाखडी लिहिली, नमन लिहिलं, जाखडीत पायात चाळ बांधून गोलात फिरतात आणि गाणारे-वाजवणारे मधे बसतात ते आपण कसं घेतलं, आणि कसं मोडलं ते पण लिहिलं. मोडलं हेच नडलं बहुतेक. आपल्या सीएने अजून एक सांगितलं, जीएसटीत पण कलाकाराच्या प्रयोगाला दीड लाखापर्यंत माफी आहे ती लोककला नाहीतर शास्त्रीय असेल तरच. आपली उलाढाल कुठे २० लाखांवर जातेय म्हणा, आपल्याला तसाही लागत नाही, पण मला ते ऐकून फार लागलं. जुनं जपायला पैसे आहेत, नवं करायला नाहीत. अगं जाखडी पण कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा नाचलं असेल की नाही?

आणि केंद्र सरकारची नाच-नाटकाच्या कंपन्यांसाठीची ती गुरु-शिष्यवाली रेपर्टरी ग्रँट. गुरूला महिना १५ हजार, शिष्याला १० हजारापर्यंत. फॉर्म भरायला बसलो तेव्हाचं तुला सांगितलं का, गुरूच्या रकान्यात कोणाचं नाव टाकायचं यावर पाऊण तास गेला. सर म्हणाले माझं नको, मी लाईटवाला. आपल्या पोरींतली धाकटी म्हणाली नीलूताईचं टाका, ती इथे नाही म्हणजे कोणाला ओरडणार नाही! शेवटी तात्या टेम्पोवाले म्हणाले माझं लिहा, तुम्हाला सगळीकडे मीच पोचवतो. इतकं हसलो की फॉर्म त्या दिवशी राहिलाच.

पण खरं दुखणं वेगळं आहे नीलू, आणि ते मला आत्ता या दोन महिन्यांत स्वच्छ दिसलं. प्रयोगाला पैसे मिळतात. महोत्सवाला मिळतात, बॅनरला, शालीला, पाहुण्यांच्या नाष्ट्याला मिळतात. सकाळच्या सरावाला कोणी देत नाही. आणि आपली नाचाची कंपनी म्हणजे सकाळचे ते तीन तासच आहेत, बाकी काय आहे? चाळीस मिनिटं एका माणसाला जमिनीला टेकू द्यायचं नाही यासाठी वर्षभर रोज एकमेकांचं वजन अंगावर घ्यावं लागतं, महिनाभर सोडलं तर कोणाची तरी पाठ जाते. हॉलचं भाडं, आठ जणांना महिन्याला थोडंफार, आणि ती जमीन. रीपा, फोम, प्लाय आणि वर मार्ले, म्हणजे नाचाची ती रबरी मॅट, टाकून आपण जी जमीन केलेली ती यंदा प्लाय फुगून एका कोपऱ्यात वर आलीय, मॅटखाली बुरशी, रोज डेटॉलने पुसतो. तौक्ते वादळात पत्रे उडाले तेव्हा पण वाचली होती ती. खालच्या नुसत्या लादीवर उड्या मारायला मी पोरांना देणार नाही, नडगी आणि गुडघे कायमचे जातात, आपल्या दोघींचे गेलेत तेवढे पुरे.

तू म्हणशील हे सगळ्यांचंच असतं. असतंच. उदय शंकरांनी अल्मोड्याला १९३८ला नाचाचं केंद्र काढलं, केवढं नाव, झोहरा सेहगल शिकवायला, गुरु दत्त शिकायला, आणि काही वर्षांत पैशापायी बंद पडलं. पण तिथलेच शांती बर्धन पुढे मुंबईत आले आणि १९५२ला लिटल बॅले ट्रूप उभा केला. म्हणजे जागा बंद पडली तरी माणसं कुठेतरी उगवतात. अगं आपल्या मालवणचे पार्वतीकुमार बघ, सरफोजीराजांच्या मराठी रचना तंजावरातून शोधून काढून भरतनाट्यमला परत दिल्या, आणि त्याच माणसाने मुंबईत मोठमोठे बॅले बसवले. जुनं आणि नवं एकाच माणसाने केलं ना? आणि अस्ताद देबू, मणिपुरी ढोलवाल्यांबरोबर केलेलं त्यांचं काम बघून आल्यावर आपण रात्रभर झोपलो नव्हतो. २०२०च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा तू मला मेसेज केलास, 'आता कोणाला दाखवायचं'. तो मेसेज अजून आहे माझ्याकडे.

हे सगळं मी धाकटीला सांगत होते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ताई, तुम्हाला शाळेची नोकरी आहे.

मला काही बोलता आलं नाही. तिचा बाप मिरकरवाड्यात बोटीवर जातो, पावसाळ्यात मासेमारी बंद म्हणजे घरात पैसा बंद, आणि ही रोज पहिल्या बसने येऊन मॅट पुसते. बारा हजारांत आठ जण, म्हणजे डोक्याला दीड हजार एका रात्रीचे, महिन्याला चार शनिवार. तिच्यासाठी तो लहान आकडा नाही. पोरांतले पाच जण तयार आहेत, तिघं नाही म्हणतायत, आणि पहिल्यांदाच हॉलवर दोन गट वेगवेगळे डबा खायला बसले.

म्हणून मी आता एक ठरवतेय, ते तू ऐक आणि मग भांड. रिसॉर्टला जायचं. पण 'पालखी' घेऊन नाही. त्यांना कोळीनृत्य पाहिजे, जाखडी पाहिजे, ते देऊ, मनापासून देऊ, पोरांना जाखडी खऱ्या बुवांकडून शिकायला मिळेल आणि पायांना फायदाच होईल. त्यातले पैसे सरळ पोरांच्या हातात, ट्रस्टमध्ये एक रुपया नाही. आणि सकाळचा सराव वेगळा, त्याचा खर्च नमन मंडळासारखा काढायचा. बघ ना, आपल्याकडे ग्रँट कोणाला माहीत होती? मंडळं चालतात ती मुंबईच्या चाकरमान्यांच्या वर्गणीवर. तिकडे दशावतारी कंपन्या नाईटवर चालतात, जत्रेमागून जत्रा, पेटारा उचलला की पुढचं गाव. गावाला हवं असेल तर गाव पोसतं.

आणि गावाला हवंय का, तर मागच्या थंडीत लांज्याकडे एका नमन मंडळाने बोलावलं होतं, देवळासमोरच्या मांडवात, खाली शेणाने सारवलेली जमीन, दोन हॅलोजन. मला भीती की लोक उठून जातील. बायका-पोरं शेवटपर्यंत बसली, म्हातारे उभे राहून बघत होते. संपल्यावर एक मानकरी आले, ऐंशीच्या पुढचे असतील, मला म्हणाले, "बाय, देव कुठं दिसला नाय, पण खांदा दुखला माझा." मी तिथेच रडले. त्या गावाने पाच हजार दिले आणि तांदूळ. रिसॉर्टच्या निम्मे पण नाहीत, पण त्यांनी परत कधी येता विचारलं.

पुरेल का? माहीत नाही. अशी दहा-बारा गावं आणि शंभरेक माणसांची महिन्याची छोटी वर्गणी जमली तर हॉलचं भाडं आणि जमीन निघते, पोरांचं मानधन निघत नाही, ते रिसॉर्टवर. सर म्हणतात दोन घोडे एकदम धरतेस. धरते! सकाळ वाचली पाहिजे, ती गेली तर पुढे ग्रँट आली तरी नाचायला कोण असणार?

आता तुझं काम. 'पालखी' आपल्या दोघींची आहे. मी एकटी नाही म्हटलं तर पोरांना वाटतंय ताईचा हट्ट. तू पोरांना स्वतः सांग, ग्रुपवर व्हॉईस मेसेज टाक, धाकटी तुझं ऐकते. आणि तुला वाटत असेल की सात मिनिटं करून द्यावी, तर तेही स्पष्ट सांग, मी चिडेन, पण ऐकेन. वर्गणीतलं पहिलं नाव तुझं धरलंय, ते मात्र विचारत नाहीये.

तुझी नवी शाळा कशी आहे, पुण्यात पोरांना नाच शिकवायला खाली मॅट तरी देतात ना? काकूंचं मोतीबिंदूचं झालं का, चिनू दहावीला ना यंदा, तिला माझ्याकडून मार. भाऊजींना नमस्कार. दिवाळीत चार दिवस ये, वर्कशॉप घे, राहायला माझ्याकडे, सुरमईचं मी बघते.

मॅनेजर पुढच्या सोमवारी येतोय. त्याच्या आधी कळव.

तुझीच,
मंदा

ता.क. तात्या विचारतायत, नीलूताई आल्या की टेम्पोत मागे बसणार की पुढे. मागच्या वेळचं भांडण ते विसरलेले नाहीत.