चर्चासत्रात गावाला खुर्ची द्या

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ग्रामीण महाविद्यालयांत होणारी मानसशास्त्र व सामाजिक शास्त्रांची चर्चासत्रे

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका कला महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. एकोणीस वर्षे झाली. माझ्या वर्गातली बहुतेक मुले एसटीने येतात. सोयाबीन सोंगणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी बाके रिकामी असतात. या मुलांच्या घरादारावर आजवर किती चर्चासत्रे झाली याचा हिशेब नाही. शेतकरी आत्महत्या झाली, ग्रामीण ताणतणाव झाला, कोलाम आदिवासींच्या पोडांवरचे, म्हणजे वस्त्यांवरचे आरोग्य झाले, झरी-जामणी तालुक्यातल्या कुमारीमाता झाल्या. त्या घरांपर्यंत मात्र त्यातला एक कागद पोहोचलेला मी पाहिला नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. आमच्याच भागात एका महाविद्यालयात एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र होते. विषय शेतकरी आत्महत्यांचा. उद्घाटनाला शेतकरी नवरा असा गमावलेल्या पाच एकल महिलांना बोलावले होते. मंचावर साडी-चोळी देऊन त्यांचा सत्कार झाला, फोटो झाले, टाळ्या झाल्या. चहा झाला आणि बीजभाषणाच्या आधीच त्यांची परतीची गाडी गेटवर येऊन उभी राहिली. पुढचे सगळे अभ्यासकांसाठी होते. त्यातली एक बाई गाडीत न बसता थांबली. तिच्या हातात खताच्या पोत्याची शिवलेली थैली होती आणि थैलीत फाइल. सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, तहसीलचे पत्र, सगळे नीट लावलेले. मला म्हणाली, "मॅडम, मोठमोठे सर येनार म्हनून मी हे आनलं होतं. हे अपात्र म्हंजे काय असते? माह्या नवऱ्यात काय अपात्र होतं?"

मी तिला शासन निर्णय समजावून सांगितला. २३ जानेवारी २००६ चा. एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेव. त्यासाठी कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, ते नापिकीमुळे थकलेले हवे, वसुलीचा तगादा हवा. तिच्या नवऱ्याने पैसे गावातल्याच एकाकडून तोंडी घेतले होते. कागद नव्हता, म्हणून प्रकरण अपात्र. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "मंग हे आत सांगा नं."

मी आत गेले. माझी पाळी आली तेव्हा पाच मिनिटे होती. ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास, नमुना शंभर, टी-मूल्य ०.०५ स्तरावर सार्थक. एवढे वाचून मी खाली बसले. तिचे मी सांगितले नाही. ती सल गेलेली नाही.

महोदय, त्या दिवशी सभागृहात ३८ निबंध वाचले गेले. माणूस गेल्यावर सरकारने त्याच्या जाण्याला 'अपात्र' म्हटले तर मागे राहिलेल्या बायकोच्या, मुलांच्या मनाचे काय होते, यावर त्यात एकही नव्हता. गावात तिच्याकडे लोक कसे पाहतात? मुलगा शाळेत काय सांगतो? दु:ख करायचा हक्कही आपल्याला कागदावर मिळवावा लागतो, असे तिला वाटते का? मानसशास्त्राच्या माणसाला वर्षानुवर्षे पुरेल इतके काम तिच्या त्या एका प्रश्नात होते. तो प्रश्न गेटवरून गाडीत बसून परत गेला.

आमच्याकडे चर्चासत्र कसे होते, हे आपल्याला अधिकाऱ्यांच्या टिपणीतून दिसणार नाही. नोंदणी शुल्क हजार-दीड हजार. अकराचे उद्घाटन साडेबाराला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत. जेवणानंतर तीन खोल्यांत तीन तांत्रिक सत्रे. अध्यक्ष दर पाच मिनिटांनी म्हणतात, "सर, निष्कर्ष सांगा." चार वाजता प्रमाणपत्रांसाठी रांग. निबंधांचे पुस्तक आयएसबीएन क्रमांकासह आधीच छापून आलेले असते, म्हणजे चर्चेत कोणी चूक दाखवली तरी ती दुरुस्त व्हायची वाट बंद. तासिका तत्त्वावर काम करणारी माझी सहकारी वर्षातले काही महिने बिनपगारी काढते. तिनेही हे शुल्क पदरचे भरलेले असते, कारण मुलाखतीच्या फाइलमध्ये प्रमाणपत्र हवे.

यात शिक्षकांच्या नीयतीला दोष देऊन भागणार नाही. मोजमापच तसे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधन-गुणांचा तक्ता आहे. त्यात विद्यापीठ किंवा राज्य पातळीवर निबंध वाचला तर २ गुण, राष्ट्रीय पातळीवर ३, देशातच झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५, परदेशात ७. सभागृह तेच, माणसे तीच, परदेशातला एक पाहुणा ऑनलाइन जोडला की फलकावर 'आंतरराष्ट्रीय' येते. ज्या गावात प्रश्नावली भरून घेतली तिथे परत जाऊन निष्कर्ष सांगितले, तर त्यासाठी त्या तक्त्यात ओळ नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या अहवालातही वर्षभरात किती चर्चासत्रे घेतली हा आकडा भरायचा असतो. कोणाला काय कळले, याचा रकाना नसतो.

भाषेचेही बोलायला हवे. आमच्या विषयातल्या चाचण्या बऱ्याचदा आग्र्याहून येतात, हिंदीत किंवा इंग्रजीत. त्यांचे घाईघाईने मराठी केले जाते. एकदा एम.ए.ची माझी विद्यार्थिनी नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी घेऊन गावात गेली. मीही सोबत होते. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या एका आजीला तिने विचारले, "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला निरुत्साही वाटले का?" आजी म्हणाली, "ते काय असते बाई?" मग स्वतःच सांगू लागली, "रातभर डोक्सं चालूच राह्यते. बंदच होत नाही. सकाळी उठते त जीव घाबरते." विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले. तिच्या कागदावर चार पर्याय होते आणि आजीचे उत्तर कुठल्याच चौकटीत बसत नव्हते. शेवटी तिने 'अजिबात नाही'वर खूण केली. आजीच्या झोपेविना गेलेल्या रात्रींची त्या तक्त्यात अशी शून्य नोंद झाली.

ही चूक दुरुस्त करू शकली असती ती गावातली आशाताई. आपल्याच शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात घरोघर जाऊन कोण खचले आहे हे पाहण्याचे काम आशांवर आले. कोणत्या घरात कोण तीन दिवस जेवले नाही, कोणी कुणाशी बोलणे टाकले, हे तिला माहीत असते. मी आजवर बसले त्या एकाही चर्चासत्रात आशा वक्ता म्हणून आलेली नाही. सत्काराला आल्या, रांगोळीला आल्या.

आपल्याकडे वेगळे काही झालेच नाही, असे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. २०१३ मध्ये नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदतीपर्यंत पोहोचत होते. २०१५ मध्ये हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. गावागावात जाऊन, लोकांशी बोलून हे घडले. तो अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त इंग्रजीत छापून आला. माझ्या वर्गात अमरावतीकडून लग्न होऊन आलेली एक मुलगी आहे. मी फळ्यावर हे आकडे लिहिले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, हे आमच्याकडचं आहे?" आपल्याच मुलखात सिद्ध झालेली गोष्ट तिला एम.ए.ला आल्यावर, तीही एका शिक्षिकेने फळ्यावर लिहिली म्हणून कळते. मला आनंद झाला आणि वाईटही वाटले.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी करून ९२ टक्के जणींना स्त्रीरोग असल्याचे १९८९ मध्ये जगासमोर मांडले. स्त्रिया स्वतःच्या शब्दांत बोलल्या, म्हणून ते दुखणे उजेडात आले. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट चालतो. गावातले लोक आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून एकेक विषय समजून घेतात, निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. तिथे ना फलक लागतो ना प्रमाणपत्र मिळते. वनहक्काचा कायदा आल्यावर २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव होते, त्यामागे या बसण्याचा मोठा वाटा आहे. माझ्या लेखी हेच खरे चर्चासत्र. आमच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते गाडगेबाबाही कीर्तनात स्वतः कमी बोलत, समोरच्याला प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेत. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात आम्ही श्रोत्याला तोंडच उघडू देत नाही, हे मला टोचते.

म्हणून माझे मागणे असे आहे. राज्याने ग्रामीण महाविद्यालयांतल्या सामाजिक शास्त्रांच्या चर्चासत्रांसाठी निराळा निधी ठेवावा आणि त्याला अटी घालाव्यात. निबंध दहाच्या वर नकोत, पण प्रत्येकाला पुरता वेळ आणि त्यावर तेवढीच चर्चा. ज्यांच्याविषयी बोलायचे ते लोक सभागृहात निम्मे तरी असावेत. बीजभाषकाला मानधन आणि प्रवासखर्च मिळतो, तसा रोजाने जाणाऱ्या बाईलाही त्या दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मिळावे, नाहीतर ती येणार कशी? आणि ही चर्चासत्रे वेचणीच्या हंगामात घेऊ नयेत. आमच्याकडे बहुतेक कार्यक्रम जानेवारी ते मार्च या काळात उरकले जातात, कारण निधी मार्चआधी खर्च करायचा असतो. गावाला सवड असते ती एप्रिल-मे महिन्यांत, तीही संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.

सगळे मराठीतून व्हावे. अवघड काही नाही, मराठी अर्थशास्त्र परिषद आणि मराठी समाजशास्त्र परिषद आपली अधिवेशने वर्षानुवर्षे मराठीतच घेतात. प्रत्येक निबंधाचा चार पानी, साधा मराठी सारांश त्या त्या ग्रामपंचायतीला द्यावा आणि एक प्रत रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाकडे जमा करून सर्वांना वाचायला खुली ठेवावी. ते विद्यापीठ आपण अमरावती जिल्ह्यातच उभे केले आहे, मराठीला अभिजात दर्जाही ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. आता त्या भाषेत आमच्या गावांचे मन वाचायला मिळू द्या.

गुणांचे काय, असे आपले अधिकारी विचारतील. निबंधांसाठी मान्य धरलेल्या नियतकालिकांची 'केअर' यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवली आणि निबंधांची पारख संस्थांवर सोपवली. त्याआधी जानेवारीत काढलेल्या, शिक्षकांच्या नेमणूक-पदोन्नतीच्या नव्या नियमांच्या मसुद्यात भारतीय भाषांतले अध्यापन आणि लोकांमधले काम शिक्षकाच्या योगदानात धरायचे सुचवले होते. म्हणजे वाट मोकळी आहे. विद्यापीठांनी आणि सहसंचालक कार्यालयांनी पदोन्नतीच्या वेळी गावात परत नेलेले संशोधन मोजावे, असे आपण सांगू शकता.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. एकल महिलांना मंचावर उभे करून सत्कार करणे बंद करा. त्यांना बोलायचे असेल तर बोलू द्या, नसेल तर नुसते ऐकू द्या, फोटोआधी विचारा. जखम उघडली तर जवळ समुपदेशक हवा, आणि घरी गेल्यावर फोन करता यावा म्हणून 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकीच्या हातात लिहून द्यायला हवा. १९ मार्च १९८६ ला आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायकामुलांसह जीवन संपवले. चाळीस वर्षांत आम्ही या विषयावर पुष्कळ बोललो. आता ऐकायची पाळी आमची आहे.

येत्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयात असे एक चर्चासत्र घेण्याचे आम्ही ठरवले आहे. निधी नाही. मंडप विद्यार्थी उभारणार आहेत, भाजी-भाकरी गावातून येणार आहे. नोंदणी शुल्क नाही, प्रमाणपत्र नाही. फाइलवाल्या ताईंना मी घरी जाऊन भेटले आणि बोलावले. आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, "फाइल आनू का?" संध्याकाळी सहाचे पहिले सत्र त्यांचे आहे, वेळ एक तास. पुढच्या रांगेत आशाताई असतील, त्यांच्या मागे प्राध्यापक. आपण यावे, आणि शक्य झाल्यास महसूल विभागातले पात्र-अपात्राचे काम पाहणारे कोणी अधिकारी सोबत आणावेत, कारण ताईंचा प्रश्न त्यांनाच विचारायचा आहे.

आपली नम्र,
मानसशास्त्राची एक प्राध्यापिका
जि. यवतमाळ