अंगठा टाकला म्हणजे ऑर्डर घेतली का?

मा. संपादक साहेब,
स.न.

हल्ली चार जुनी माणसं भेटली की विषय ठरलेला, आजकालची पोरं फोन उचलत नाहीत, बोलायची रीत नाही. पोरांचं ऐकाल तर अण्णा चार-चार मिनिटांच्या व्हॉइस नोट टाकतात, मागं ग्राइंडर बोंबलतोय, आणि त्यात माप कुठं सांगितलंय ते शोधत बसा. मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर, वयानं मधला, त्यामुळं दोन्हीकडचं ऐकून घ्यावं लागतंय. मला विचाराल तर रीतभातीचा ह्यात काय संबंधच नाही, खूण एकच पण अर्थ दोघं वेगळा लावतात आणि मधल्यामध्ये माल अडकतो.

मध्यंतरी एका फाउंड्रीच्या मालकांनी कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, शनिवारपर्यंत साठ नग पाहिजेत. आमच्या मशीनच्या प्रोग्रामिंगच्या पोरानं त्यावर अंगठ्याचा इमोजी (👍) टाकला. त्याच्या लेखी अंगठा म्हणजे वाचलं, मालकांच्या लेखी शब्द दिला! शनिवारी टेम्पो दारात, जॉब अजून मशीनवर, मालक फोनवर फोन करतायत आणि पोराचा मोबाईल सायलेंटवर.

हसू नका, कॅनडात सस्कॅचवान प्रांतात हेच प्रकरण कोर्टात गेलंय. २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीनं शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मेसेजवर पाठवला, त्यानं अंगठा टाकला, पुढं माल काय दिला नाही, आणि म्हणाला करार मिळाला एवढंच मी कळवलं होतं. २०२३ मध्ये कोर्टानं तो अंगठा सहीच्या जागी धरला आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली, त्याचं अपीलही २०२४ मध्ये फेटाळलं.

पोरांचं एक मात्र पटतं, फोनवरचं बोलणं हवेत जातं. ड्रॉइंगचं रिव्हिजन, म्हणजे आवृत्ती, बदललं आणि तुम्ही फोनवर नुसतं 'ते नवीनवालं घ्या' म्हणालात, की जुन्या मापानं भोक पाडलेलं कास्टिंग थेट भंगारात. पण माल रिजेक्ट झाला की नुसतं 'सॉरी सर' टाइप करून भागत नाही, तिथं फोन लावायचा, जमलं तर गाडी काढून जाऊन यायचं, हे जुन्यांचं शंभर टक्के बरोबर.

आणि जमत नाही असं पण नाही हो. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ग्रुपवर येते तेव्हा बघा, फूट, इंच आणि वेळ, बास. ३९ फूट म्हणजे पुराचा इशारा, ४३ म्हणजे धोका, आजोबा असोत नाहीतर कॉलेजचं पोरगं, कुणाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

कामाच्या ग्रुपवर तेवढंच करा की. नग किती, तारीख कुठली, रिव्हिजन नंबर कुठला ते मालकांनी लिहावं आणि समोरच्यानं 'होईल' नाहीतर 'होणार नाही' असं अक्षरात उत्तर द्यावं. आणि तेवढं ते सकाळचं गुड मॉर्निंग घरच्या ग्रुपवर टाका राव, ड्रॉइंग शोधायला अर्धा किलोमीटर वर जावं लागतंय.

आपला,
एक वाचक, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर